बुधे, तुझी मूठ मी सोडली

ये, बुधे, इकडे ये. अशी दारात उभी राहू नकोस, ओटीवर ये, माझ्या जवळ बस. लांबून बोललेलं मला हल्ली ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि आधी मला सांग, ही कुठली रीत झाली? अर्धा चहा कपात ठेवून कुणी उठतं का? सत्तरी उलटली तरी एवढं कळू नये? चहा अर्धा, बोलणं अर्धं, भांडण तर पावसुद्धा झालं नव्हतं. मी म्हटलं जाईल सूर्यमाळला, चार दिवस फुगून बसेल, मग जीपवाल्याच्या हाती निरोप धाडेल, ‘जानकीला सांग, अंबाडी सुकवून ठेवलीय, येऊन घेऊन जा.’ तुझा राग मला पाठ होता. चार दिवसांचाच असायचा तो.

पंधरवडा गेला. निरोप आला तो मथीचा, तुझ्या सुनेचा. जीपवाला गाडीतून उतरला, कधी नव्हे ते चपला काढून ओटीवर चढला, तेव्हाच मी ओळखलं.

पाण्याला गेलीस आणि परतताना वाटेत बसलीस, असं मथी म्हणाली. ऐनाच्या झाडाला टेकून. बायका मागून आल्या, त्यांना वाटलं दम खातेय. कळशी शेजारी ठेवलेली होती, सरळ, दगडाचं टेकण देऊन. थेंब सांडला नव्हता. बायकांनी आधी तुला हाक मारली, मग हात लावला, मग एकीने ती कळशी उचलून घरी नेली. त्याच पाण्याने तुला आंघोळ घातली, बुधे. स्वतःच्या शेवटच्या आंघोळीचं पाणीसुद्धा तू स्वतःच वाहून आणलंस. हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मला तुझा राग आला.

हे मी लिहितेय आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणतेय, कारण तुला वाचता येत नव्हतं. आयुष्यभर तू म्हणालीस, ‘तू वाच, मी ऐकते.’ मग ऐक.

दुपारी जेवून जरा कलंडले की तू येतेस. रोज नाही. धुकं असतं, आपल्या घाटात असतं तसं, समोरचा माणूस आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. तू डोक्यावर सूप धरून चाललेली असतेस. मी विचारते, ‘पाऊस नाय, मग सूप कशाला गं?’ तू म्हणतेस, ‘असू दे, मोजायला लागंल.’ मी मागे मागे येते. वाट आपली जुनीच, पण मध्येच एक खिडकी लागते, नुसती खिडकी, भिंत नाही काही नाही, रानात उभी. तू तिच्यातून पलीकडे पाय टाकतेस. मी म्हणते थांब, माझा पदर अडकला. तू थांबत नाहीस. जागी होते तेव्हा कोंबड्या अंगणात वाळवणावर चढलेल्या असतात.

ती खिडकी कुठली ते आपल्याला माहीत आहे. पण नव्या पोरांना माहीत नाही, म्हणून परत सांगते. तुझी हरकत नसावी, तुला जुनं ऐकायला आवडायचंच.

आपण आधी एका पक्षात नव्हतो. तुमच्या पक्षाची निशाणी सूप, आमची घागर; तू सूपवाली, मी घागरवाली. दोन्ही पक्ष एवढेसे, दोन्ही गरिबांचे म्हणवणारे, आणि एकमेकांचं तोंड न बघणारे. बाजारात तू समोरून आलीस की मी भाजीच्या पाटीत डोकं घालायची. तुझ्याबद्दल मला एवढंच सांगितलं होतं, की सूर्यमाळकडची एक बाई आहे, तोंडाची फाटकी, तिच्याशी वाद घालू नको. तुला माझ्याबद्दल काय सांगितलं होतं ते तू नंतर सांगितलंस. ‘ती मोखाड्याची बाई, अक्षरं वाचते म्हणून शेफारलीय.’ खरं होतं ते. मी भिंती रंगवणाऱ्या पेंटरच्या मागे गेरूचा डबा घेऊन हिंडायची, घोषणेतलं एकेक अक्षर विचारायची. हा घा, हा ग, हा र. तशी शिकले मी. शाळेची पायरी चढले ती पुढे, मत द्यायला.

आपण खऱ्या भेटलो वावर गावात. ज्या साली तिथे आणि वांगणीला पोरं भुकेने दगावली, त्या साली. कोण कोण येत होतं तेव्हा, गाड्या येत होत्या, कॅमेरे येत होते. मी माझा झेंडा घेऊन चार बायकांबरोबर गेले, तू तुझा घेऊन. एकाच झोपडीच्या दारात दोन्हीकडून पोचलो. आतून एक बाई आली. डोळे कोरडे होते तिचे. म्हणाली, ‘झेंडं भायेर ठेवा आन एक जनी हंडा घ्या.’ तेवढंच. मी बघत राहिले. तू तुझा झेंडा कुडाला टेकवलास, माझ्या हातातला घेतलास, तोही तिथेच टेकवलास, आणि हंडा उचलून मला म्हणालीस, ‘चल गं बाय, वहीर लांब हाय.’ दोन खेपा केल्या आपण. परत आलो तेव्हा वाऱ्याने दोन्ही झेंडे एकमेकांत गुंडाळले गेले होते, सोडवता सुटत नव्हते. वर मुंबईत पुढाऱ्यांनी विलीनीकरणाचा ठराव पुढे कधी केला ते मला माहीत नाही. आपल्या तालुक्यात तो त्या कुडाला टेकून झाला होता, असं मी धरून चालते.

त्या ठरावाची गंमत मात्र सांगायलाच हवी. वरून सांगावा आला की दोन्ही पक्ष एक होणार, नवं नाव, नवी निशाणी खिडकी, आणि प्रत्येक तालुक्याने आपापल्या लोकांचं मत घेऊन कळवायचं. पाड्यापाड्यांतून माणसं जव्हारला गोळा झाली. म्हाताऱ्यांनी पहिला प्रश्न काय विचारला आठवतं? ‘सोयरीक जमवता तर नवरीकडचं कोन आन नवऱ्याकडचं कोन?’ नवरीकडचं व्हायला कुणी तयार होईना. तू म्हणालीस, ‘आमी नवरीकडचं. पोरगी आमची, ती तुमच्या घरात येनार आन तुमची चूल तिच्या हातात जानार.’ सगळे हसले. मी मात्र ओळखलं, की ही बाई खरंच चूल घेणार.

लिहिता वाचता येणारे थोडे, म्हणून आपल्या मास्तरांनी, म्हणजे तेव्हा शिकवण्या घ्यायचे आणि आता तालुक्याचे अध्यक्ष आहेत त्यांनी, एक युक्ती काढली. पटत असेल त्याने भाताचा दाणा टाकायचा, नसेल त्याने नागलीचा, म्हणजे नाचणीचा. दाणा घरून आणायचा. झोळीत टाकायचा. मोठी सोपी युक्ती. झोळी उपडी केली तर सगळं लालेलाल. नागलीच नागली. भाताचे दाणे कुठे कुठे, डोक्यातल्या पांढऱ्या केसांसारखे.

घागरवाले सूपवाल्यांवर धावले, सूपवाले घागरवाल्यांवर. ‘तुम्ही आतून फितवलं’, ‘तुम्हालाच नको होतं’. मी पण ओरडत होते, खोटं कशाला बोलू. मास्तर कपाळाला हात लावून बसले होते. आणि तू भिंतीशी उकिडवी बसून हसत होतीस, पदर तोंडात धरून.

‘हसायला काय झालं?’ मास्तर म्हणाले.

‘मास्तर, महिना कंचा?’

‘आषाढ.’

‘आषाढात कुनाच्या घरात भात असतो? बी पेरून झालं. उरला त्यो कवाच खाल्ला. घरात हाय ती नागली, ती बी तळाला. तुमी इचारलं पक्ष पायजे का, लोकांनी सांगितलं घरात काय हाय.’

मास्तरांच्या घरी भात होता, बुधे. माझ्याही होता थोडा, मी भाताचाच दाणा आणला होता. मला वाटलं होतं सगळ्यांकडे असेल. त्या दिवसापासून मी तुला घाबरायला लागले आणि त्या दिवसापासूनच तुझ्याशिवाय माझं चालेना.

मग रीत तूच घालून दिलीस. दाणा एकच, नागलीचा. पटलं तर मुठीत दाणा, नाही पटलं तर मूठ रिकामी. पण मूठ सगळ्यांनी घालायची, घागरीत, वरून फडकं टाकून, म्हणजे भरली कुणाची आणि रिकामी कुणाची ते कुणाला कळायला नको. आणि घागर उपडी करायची ती सुपात. ‘तुमची घागर, आमचं सूप,’ तू म्हणालीस. ‘दोघांच्या निशान्या रुसायला नको.’ रशीदभाईंनी आपल्या भांड्यांच्या दुकानातून तांब्याची घागर आणून दिली. पहिलीच मूठ मास्तरांची, ती आत गेली आणि बाहेर येईना. मनगटाला तेल लावून काढावी लागली. रशीदभाई म्हणाले, ‘मास्तर, दाणा सोडा, खुर्ची नाही ती.’ तेव्हापासून आपल्याकडे मत देणं म्हणत नाहीत, मूठ सोडणं म्हणतात. दुसऱ्या तालुक्यातले हसतात. हसू देत.

पक्षाचं नाव एवढं लांब होतं की पाटीवर दोन ओळींत बसलं. त्यात तो शब्द होता, धर्मनिरपेक्ष. तू मला विचारलंस, म्हणजे काय. मी वाचलं होतं तसं सांगितलं, सरकारने कुठल्या धर्माची बाजू घेऊ नये, वगैरे. तू ऐकून घेतलंस. नंतर बोहाड्याच्या, आपल्या सोंगांच्या जत्रेच्या, शेवटच्या सकाळी, सोंगं नाचून दमलेली, मुखवटे ओळीने मांडून ठेवलेले, तेव्हा तू मला कोपराने ढोसलंस. ‘हे बघ. गनपती आला तवा ढोल वाजला. रावन आला तवा बी त्योच ढोल. वाजवनारा इचारतो का, तू लहान देव का मोठा देव? परत्येकाला आपली चाल.’ आणि मग म्हणालीस, ‘तुझा त्यो लांब शबुद ह्योच ना?’ मी हो म्हणाले. पुढे इतकी भाषणं ऐकली, एकानेही याच्यापुढे पाऊल टाकलं नाही.

निवडणुका आपण किती हरलो ते सांगत बसत नाही. जिंकलो त्या बोटांवर. हरल्यावरसुद्धा तू गूळ वाटायचीस. म्हणायचीस, लोक उन्हात रांगेत उभं राहिलं, त्यांचं तोंड गोड नको का करायला.

शिरपामाळची दुपार आठवते? असंच एकदा हरून, जव्हारला निकाल ऐकून, आपण दोघी तिथे जाऊन बसलो होतो. खाली दरी, वारा असा की बोललेलं तोंडातून निघून जायचं. फडक्यातली भाकर आणि सुकट सोडून खायला बसलो. शहरातली पोरंपोरी आली होती फिरायला, महाराज इथे थांबले होते म्हणून बघायला. एक मुलगी म्हणाली, ‘आजी, तुमचा फोटो काढू?’ तू पदर सारखा केलास, डोळे मोठे केलेस, जसा काही कलेक्टर बोलावतोय. ती म्हणाली पाठवते, नंबर द्या. आपल्या दोघींकडे तेव्हा फोन नव्हता. तिने हात हलवला आणि गेली.

तुझा-माझा एकत्र फोटो तेवढाच, बुधे. कुणाच्या तरी मोबाईलमध्ये आहे, कुठल्या तरी शहरात, आणि त्यात आपण दोघी अजून बसलेल्या आहोत. तुझ्या हातात अर्धी भाकर आहे. मला कधी कधी वाटतं, खरी तू तिथेच आहेस आणि ऐनाखाली बसली ती कुणी दुसरी. वारा सुटला की मी त्या बाजूला बघते.

आता त्या भांडणाकडे येते. टाळता येणार नाही ना.

या वर्षी पुन्हा सांगावा आला वरून. आपला पक्ष आता फार लहान राहिला, मोठ्या पक्षात विलीन होऊ, तेही आपल्याच विचाराचे आहेत, तालुक्यांनी ठराव करून कळवा. जव्हार-मोखाडा धरून आपल्या तालुका समितीत आपण अकरा माणसं. पहिल्या बैठकीत फक्त बोलायचं होतं. मी उभी राहून म्हणाले, ओहोळ नदीत गेला की त्याला कुणी ओहोळ म्हणत नाही. खिडकी पुसली जाईल, नाव पुसलं जाईल, तो लांब शब्द छापतील पण म्हणणार नाहीत. टाळ्या पडल्या. तू उभी राहिलीस आणि एकच वाक्य बोललीस. ‘पानी येत असंल तर जाऊ या.’ मोठ्या पक्षाच्या माणसाने सूर्यमाळच्या पाड्यांना नळ द्यायचा शब्द दिला होता. खाली धरण भरलेलं दिसतं, पाणी नळांतून शहराला जातं, आणि होळी झाली की तुमच्या बायका झऱ्याच्या खड्ड्यात वाटी घेऊन बसतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही.

तू माझ्याकडे आलीस ते समजूत काढायला. मी चहा केला, कोरा, तुला लागतो तसा गूळ घालून. आणि पहिला घोट घेतलास न घेतलास तोच मी म्हणाले, ‘एका हंड्यासाठी नाव देऊन टाकतेस तू.’

तू कप खाली ठेवलास. हळू ठेवलास, आवाजसुद्धा झाला नाही. म्हणालीस, ‘जानके, नाव तू वाचतेस. मी पानी वाहते.’

आणि उठलीस. मी बस म्हणाले नाही. अंगणातून जाताना तू माझ्या वाळवणावरून कोंबडी हाकललीस, एवढं मी पाहिलं. रागातसुद्धा हाकललीस. मी तिथेच बसून राहिले आणि मनात उत्तरं जुळवत राहिले. फार चांगली उत्तरं होती, बुधे. पंधरवडाभर पाठ केली. सूर्यमाळला रेंज नसते म्हणून फोन केला नाही, असं मी स्वतःला सांगत होते. जीप तर रोज जात होती.

मग तू गेलीस. तुझे दिवस झाले त्या दुपारी मी तुझ्या अंगणात बसले होते. माणसं फार आली होती, दोन्ही बाजूंची, आपल्या विरोधात लढलेलेसुद्धा. मास्तर माझ्या शेजारी बसले. वाईट माणूस नाही ते, तुला ठाऊक आहे, रडून डोळे लाल झालेले. हळूच म्हणाले, ‘फार वाईट झालं, जानकीबाई. पण एक आहे. अकरांत सहा मुठी भरल्या असत्या, आता दहांत पाचच भरतील. ठराव पडला.’

आणि बुधे, मी हे कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगते. ते ऐकून मला बरं वाटलं. एवढंसंच, नागलीच्या दाण्याएवढं. आणि क्षणभरच. पण वाटलं. तुझ्या अंगणात बसून, तुझ्या सुनेने वाढलेलं समोर घेऊन. मग मी ताट बाजूला सरकवलं. माझं नाव वाचलं, माझी खिडकी वाचली, ती कशामुळे? मी पटवून दिलं म्हणून नाही. तू पाण्याच्या वाटेवर बसलीस म्हणून. ज्या वाटेसाठी तू भांडत होतीस, त्याच वाटेने मला जिंकून दिलं.

निघताना मथीने मला एका फडक्यात पसाभर नागली बांधून दिली. यंदाची, खळ्यावरची. म्हणाली, ‘आई म्हनत होती, जानकीमावशीकडं भांडून आले, आता नागली घेऊन जायला पायजे.’ तू येणार होतीस तर. निरोप धाडणार नव्हतीस, स्वतः येणार होतीस. हे आधी कळलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार आता करत नाही. खूप केला.

आठ दिवसांनी मुठी सोडायची बैठक होती, जव्हारला, आपल्याच खोलीत. भिंतीवरच्या खिडकीचा रंग उडालाय, नुसती चौकट राहिलीय. घागर घासूनपुसून मध्ये ठेवलेली, शेजारी सूप. तुझ्या जागी कुणी बसलं नव्हतं. एकेक जण उठून मूठ सोडून येत होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, ‘मास्तर, माझ्या दोन मुठी आहेत.’

‘दोन कशा?’

‘एक माझी. एक बुधीची.’

मास्तरांनी चष्मा काढला. ‘जानकीबाई, गेलेल्या माणसाला मत नसतं.’

‘यादीत तर असतं, मास्तर,’ रशीदभाई बोलले. ‘माझा चुलता जाऊन दहा वर्षं झाली, दर वेळी त्याची चिठ्ठी घरी येते.’

हशा झाला, पण मास्तर हसले नाहीत. ‘हसण्यावारी नेऊ नका. उद्या कुणीही उठेल आणि आपल्या आजोबाची मूठ घेऊन येईल.’

‘कुणी येणार नाही,’ मी म्हणाले. ‘आजोबा बैठकीला नव्हते. बुधी होती. काय बोलली ते तुम्हीच वहीत लिहून घेतलंय. वाचा.’

त्यांनी वही उघडली. पानं उलटायला वेळ लावला. मग वाचलं, ‘बुधीबाई. पाणी येत असेल तर जाऊ या.’ मास्तरांच्या शुद्ध भाषेत होतं, तरी खोलीत तुझाच आवाज आला. पत्र्यावर वारा वाजत होता तेवढंच.

‘पण तुम्ही तर विरोधात आहात,’ मास्तर म्हणाले. खालच्या आवाजात म्हणाले, मला वाचवायला बघत होते. ‘तिची मूठ सोडलीत तर आपण हरू. तुमच्याच हाताने.’

‘हरू की. आपल्याला काय सवय नाही? पण ती नाही म्हणून मला जिंकायचं नाहीये, मास्तर. ती असताना जिंकता आलं असतं तर गोष्ट वेगळी.’

मास्तरांनी सगळ्यांना विचारलं, कुणाची हरकत आहे का. दोघांनी माना खाली घातल्या, पण हात कुणी वर केला नाही. मास्तर म्हणाले, ‘बरं. रीत म्हणून नाही. एकदाच.’ आणि वहीत लिहिलंसुद्धा तसं, रीत नाही, एकदाच.

उजवी मूठ माझी. ती फडक्याखाली घातली आणि उघडली, रिकामी. मन नाही बदललं माझं, बुधे, ते तू गेलीस म्हणून बदलणार नाही, आणि तुलाही ते आवडलं नसतं. मग डावी. तुझी मूठ. तळहात ओला झाला होता, दाणा चिकटला, सुटेना. मी बोटाने ढकलला. आवाज आला नाही, एवढ्याशा दाण्याचा काय आवाज येणार, पण मला ऐकू आला.

रशीदभाईंनी घागर सुपात उपडी केली. सहा. दोनदा मोजले, ठराव झाला. टाळी कुणी वाजवली नाही. तुझा दाणा कुठला ते मी बघत होते, ओळखता आला नाही. सगळे सारखेच लाल, सारखेच एवढेसे. मास्तरांनी सूप उचललं आणि सवयीने पाखडल्यासारखं एकदा हलवलं, मग भानावर येऊन थांबले. ठरावाखाली मी एक ओळ घालायला लावली. आमची घागर आणि सूप आम्ही बरोबर आणणार, आणि ढोल सगळ्या सोंगांना सारखा वाजला पाहिजे. मास्तर म्हणाले, वरच्या लोकांना कळणार नाही. मी म्हणाले, समजावून सांगायला मी जाईन. तर आता या वयात मला मोठ्या पक्षाच्या कचेरीत जायचंय, घागर काखेत घेऊन. तू पाहिजे होतीस. त्यांची माणसं मूठ घालतील आणि अडकतील, तेव्हा हसायला कुणी तरी बरोबर लागतं.

नळ येईल की नाही ते मला सांगता येत नाही. शब्द दिलाय म्हणतात. आला नाही तर मी त्या माणसाच्या दारात जाऊन बसेन, मथीला घेऊन, आणि तेव्हा मला कुणी सांगू नये की तू तर विरोधात होतीस. आता पाणी माझं भांडण आहे. तू ते माझ्या डाव्या हातात ठेवून गेलीस.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी मी जे बोलले, हंड्यासाठी नाव देऊन टाकतेस, ते माझं चुकलं. नावासाठी मी भांडले ते नाही चुकलं. ‘एका हंड्यासाठी’ म्हणाले ते चुकलं. हंडा एक कधीच नसतो, हे वावरला दोन खेपा केल्या तेव्हाच कळायला हवं होतं.

मथीने दिलेली नागली मी दळली नाही अजून. फडक्यात बांधून खुंटीला टांगलीय. दुपारी वारा आला की हलते.

बुधे, धुक्यातून परस्पर जाऊ नकोस. त्या खिडकीतून पाय टाकतेस तेव्हा जरा मागे बघ, माझा पदर अडकलेला असतो. आणि नुसती स्वप्नात कशाला, सरळ ओटीवर ये. होळीच्या आत ये, झरे आटायच्या आत, म्हणजे आपण दोघी जाऊन बघू, नळ कुठवर आलाय. मी चहा टाकते, कोरा, गूळ घालून. भांडायचं असेल तर भांड, पण कप संपवून उठ. लवकर ये गं. अंबाडी नको, नागली नको, काही आणू नकोस. रिकाम्या हाताने आलीस तरी चालेल.